ऑक्टाव्हिया आरएस: मागे अ‍ॅडजस्टेबल आर्म टाकल्यापासून अलाइनमेंट टिकत नाही, मागचा टायर आतून खातेय

आधी त्रास सांगतो, कारण सेम हाच त्रास असलेले तीन-चार जण मला गेल्या वर्षभरात भेटलेत आणि सगळ्यांनी आधी टायर बदलले, मग आर्म बदलले, आणि प्रॉब्लेम जिथल्या तिथे. अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून सेट करणं) करून आणली की गाडी आठवडाभर एकदम सरळ पळते, मग हळूहळू स्टिअरिंग उजवीकडे झुकायला लागतं, म्हणजे गाडी सरळच जातेय पण हातातलं चाक तीनेक डिग्री वाकडं धरावं लागतं, एक्स्प्रेसवेवर शंभरच्या आसपास लेन बदलली की मागची बाजू अर्धा सेकंद उशिरा येते आणि आली की जरा जास्तच येते, आणि सात हजार किलोमीटर झाले तेव्हा उजव्या मागच्या टायरची आतली कड जवळजवळ गुळगुळीत. बाहेरून बघितलं तर टायर नवा वाटतो. चाक काढल्याशिवाय कळतच नाही. पाच महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केली आणि तिन्ही वेळा कागदावर सगळं हिरवं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत.

गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, भारतात मोजक्याच आल्या होत्या त्यातली एक, आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जोडलेली. २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, पुढची चाकं ओढणारी, आणि मागे मल्टिलिंक. हे मल्टिलिंक महत्त्वाचं आहे कारण सगळ्या ऑक्टाव्हियांना ते नाही, कमी पॉवरवाल्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, त्यात आपल्याला फारसं काही हलवता येत नाही. आरएसमध्ये प्रत्येक बाजूला चार लिंका आहेत, एक ट्रेलिंग आर्म, एक वरचा आर्म, एक खालचा जाडजूड आर्म ज्यावर स्प्रिंग बसते, आणि एक बारीक टाय रॉड. कंपनीतूनच वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला कॅम बोल्ट असतो त्याने कॅम्बर (चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय तो कोन) सेट होतो आणि खालच्या स्प्रिंगवाल्या आर्मच्या आतल्या टोकाला दुसरा कॅम बोल्ट असतो त्याने टो (चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळलीय तो कोन) सेट होतो. ज्यांना कॅम बोल्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी, बोल्टला एक गोल चकती असते पण बोल्ट तिच्या मधोमध नसतो, त्यामुळे बोल्ट फिरवला की आर्मचं टोक थोडं आत नाहीतर बाहेर सरकतं. आवळला की तिथेच थांबायला पाहिजे. ही "थांबायला पाहिजे" वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिथेच सगळं अडकलंय.

मी टाकलेलं सामान म्हणजे २५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मागे जाड अँटीरोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजू जोडणारा दांडा), आणि वरचे अ‍ॅडजस्टेबल, म्हणजे लांबी बदलता येणारे आर्म. आर्म का टाकले तर गाडी खाली बसली की मागची चाकं वरून आत झुकतात, कॅम्बर वाढतो, आणि कंपनीच्या कॅम बोल्टची रेंज पुरत नाही असं वाटलं होतं. सगळं काम एका गॅरेजला एका दिवसात झालं, दोन खांबांच्या लिफ्टवर. त्याच दिवशी त्यांनी "पावसाळा येतोय" म्हणून खालून अँटीरस्ट कोटिंगही मारून दिलं. दोन्ही गोष्टी तेव्हा मला ठीकच वाटल्या होत्या.

आता जिथे जिथे गेलो तिथे पहिलं वाक्य हेच, "दादा कॅम्बर जास्त झालाय, म्हणून आतून खातेय." मी पण सहा महिने हेच धरून बसलो होतो. पण कॅम्बर एकटा टायर इतक्या पटकन खात नाही हो. या गाडीचा कंपनीचाच मागचा कॅम्बर उणे १ डिग्री २० मिनिटांच्या आसपास असतो आणि लोक त्यावर चाळीस चाळीस हजार किलोमीटर काढतात. माझा उणे २ डिग्री होता. त्याने आतली कड थोडी आधी जाईल, मान्य, पण सात हजारात नाही. टायर खातो तो टो. हिशोब करून बघा, चाक फक्त १० मिनिटं म्हणजे डिग्रीचा सहावा भाग वाकडं असलं तरी दर किलोमीटरला टायर जवळपास २.९ मीटर आडवा घासत जातो. पुणे-मुंबई एका फेरीत हे चारशे मीटरच्या वर जातं. आणि टो वाकडा असताना कॅम्बर पण असेल तर सगळं वजन आतल्या कडेवर, मग सगळं घासणं पण तिथेच.

हे हाताला कळतं. गाडी उभी करा, मागच्या टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर मग बाहेरून आत. दोन्हीकडे सारखं गुळगुळीत लागलं तर कॅम्बरचा संशय घ्या. पण एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं हाताला लागलं तर तो टो आहे, दुसरं काही नाही. माझ्या उजव्या टायरवर रबराच्या प्रत्येक गट्टूला एका बाजूने धार आली होती, अगदी नखाने उचलता येईल अशी. डावीकडे पण होती, पण खूप कमी. हे मी पहिल्याच महिन्यात बघितलं असतं तर एक टायर वाचला असता.

मग मी तिन्ही अलाइनमेंटचे कागद काढून नीट बसून वाचले आणि तिथे पहिला धागा सापडला. मागच्या चाकांचा टोटल टो अधिक ४ मिनिटं, हिरवा. पण त्याच्या वर बारीक अक्षरात एकेका चाकाचा टो असतो, डावं अधिक १४ मिनिटं, उजवं उणे १० मिनिटं. बेरीज चार, म्हणून हिरवं! डावं चाक आत वळलंय, उजवं बाहेर वळलंय, म्हणजे दोन्ही चाकं उजवीकडे बघतायत. मागचा अख्खा अ‍ॅक्सल १२ मिनिटं उजवीकडे तोंड करून गाडी ढकलतोय, त्यामुळे गाडीचं नाक डावीकडे वळू बघतं आणि मला स्टिअरिंग उजवीकडे धरून ते निस्तरावं लागतं. स्टिअरिंगचा रेशो साधारण १४ धरला तर १२ मिनिटांचे हातात पावणेतीन डिग्री होतात, आणि मला दिसत होतं तेही तेवढंच. म्हणजे वाकड्या स्टिअरिंगचं कारण पुढे नव्हतंच, मागे होतं, आणि प्रत्येक वेळी अलाइनमेंटवाला पुढचे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून देत होता. मशीनवर याला थ्रस्ट अँगल म्हणून वेगळा चौकोन असतो, तो शून्याच्या जवळ असलाच पाहिजे, तो नसेल तर पुढचं काहीही सेट करून उपयोग नाही.

कागदाबद्दल अजून एक, कारण यात मी स्वतः लोकांना फसताना पाहिलंय. काही मशीनं डिग्री-मिनिटं दाखवतात आणि काही दशांशात डिग्री. ०°१०′ आणि ०.१०° एक नाही. ०°१०′ म्हणजे ०.१७ डिग्री, आणि ०.१० डिग्री म्हणजे फक्त ६ मिनिटं. तुम्ही पोराला सांगता "मागे दहा ठेव" आणि तो त्याच्या स्क्रीनवर ०.१० ठेवतो, तर तुमचा आकडा जवळपास निम्मा झाला. उणे १.३० कॅम्बर आणि उणे १ डिग्री ३० मिनिटं यात पण तसाच फरक आहे. आधी विचारा मशीन काय दाखवतंय, मग आकडा सांगा.

आता मुख्य प्रश्न, सेट केलेला टो हलतो का? हे ठरवायला सगळ्यात भारी हत्यार म्हणजे पिवळा पेंट मार्कर, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. चौथी अलाइनमेंट केली तेव्हा मी मागचे चारही कॅम बोल्ट वायर ब्रशने साफ करून चकतीपासून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ रेघ मारली, तशीच नटवर, आणि आर्मच्या दोन्ही चेक नटवर (आर्मची सेट केलेली लांबी हलू नये म्हणून आवळायचे नट). मग नेहमीसारखी चालवली. पाषाण ते भोसरी रोजचं येणं-जाणं आणि दोन शनिवार ताम्हिणी. ६०० किलोमीटरनंतर खाली गेलो टॉर्च घेऊन. तीन रेघा जागच्या जागी. उजव्या खालच्या आर्मची रेघ तुटलेली, चकतीवरचा अर्धा भाग ब्रॅकेटवरच्या अर्ध्या भागापासून चांगला अडीच-तीन मिमी सरकलेला. नटवरची रेघ मात्र बरोबर जुळत होती. म्हणजे नट सैल झालाच नव्हता, बोल्ट-नट दोघं मिळून फिरले होते.

हे मला आधी कळेना, कारण पाना लावला तर नट घट्ट लागत होता. मग भोसरीत एक जुने फिटर काका आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता बोल्ट सोडला, चकती काढली आणि तिच्या मागे बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. काळा, रबरासारखा, चिकट थर. अँटीरस्टचं कोटिंग. चकतीच्या कडेने तो थर दाबून बाहेर आलेला होता, टूथपेस्टसारखी बारीक वळी झाली होती त्याची. काका म्हणाले, "दादा, नट लोखंडावर बसलाच नाही, डांबरावर बसलाय." आवळताना टॉर्क (आवळण्याचा जोर) पूर्ण लागतो, पण तो मऊ थर गरमीने आणि धक्क्याने हळूहळू दबून निघून जातो, बोल्टला आलेला ताण उतरतो, आणि कॅम बोल्टला जागेवर धरून ठेवणारं फक्त तेच घर्षण असतं. या खालच्या आर्मवर तर स्प्रिंगचा पूर्ण भार आहे. मोठा खड्डा आला की चकती एक केस सरकते. रोज दहा खड्डे. आठवड्याने स्टिअरिंग वाकडं. तीनदा अलाइनमेंट करूनही ती का टिकली नाही ते मला त्या वळीने सांगितलं.

म्हणून ज्यांनी अँटीरस्ट मारून घेतलंय त्यांनी हे आधी तपासा. कोटिंग वाईट नाही, आपल्याकडे पावसाळ्यात लागतंच, पण बोल्टच्या चकत्या, ब्रॅकेटचा आतला-बाहेरचा बसायचा भाग आणि थ्रेड यांच्यावर मास्किंग टेप लावूनच मारायला सांगा. आणि आर्मवर पावडर कोटिंग असेल तर तीच गोष्ट, आर्मच्या मधली लोखंडी नळी जिथे ब्रॅकेटला टेकते तिथलं पावडर कोटिंग खरवडून काढा, नुसतं धातूला धातू टेकलं पाहिजे. आम्ही रॉकेलने आणि स्क्रेपरने चारही जागा साफ केल्या, चकत्या बारीक एमरी पेपरवर घासल्या, आणि बोल्ट-नट नवे घेतले. हे सेल्फ लॉकिंग नट एकदा सोडले की बदलायचे असतात, कंपनीच्या मॅन्युअलमध्येच तसं आहे, पण गॅरेजमध्ये सर्रास जुनेच परत लावतात. टॉर्कचा आकडा पण मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंचने लावा, इम्पॅक्ट गनने "कडकड" वाजेपर्यंत नाही. गनने तर आवळताना कॅम स्वतःच फिरतो, त्यामुळे बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून नटच फिरवायचा.

हे झालं आणि मला वाटलं संपलं. नव्हतं संपलं. टो आता हलत नव्हता पण डावीकडचा अधिक १४ कुठून आला हे कळत नव्हतं, आणि गाडी मागून उजव्या बाजूला किंचित उंच दिसायची. हबच्या (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मध्यापासून वर चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलं तर डावं ३५२ मिमी आणि उजवं ३५९. सात मिमी फरक. स्प्रिंगा नव्या, दोन्ही एकाच पार्ट नंबरच्या.

इथे दुसरं कारण निघालं आणि माझ्या मते आफ्टरमार्केट सस्पेन्शनच्या निम्म्या तक्रारी याच्याच असतात. आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्याच्या मधली लोखंडी नळी बोल्टने ब्रॅकेटला गच्च पकडली जाते, बाहेरचं कडं आर्मबरोबर फिरतं, आणि मधलं रबर पिळलं जातं. ते फिरत नाही, पिळलं जातं. आता गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात, माझ्या गाडीत आठेक सेंटिमीटर तरी. त्या अवस्थेत बोल्ट आवळले की रबराला वाटतं हीच आपली मूळ जागा. मग गाडी खाली टेकवली की आर्म दहा-बारा डिग्री वर फिरतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. चालवताना, उभी असताना, रात्रभर पार्किंगमध्ये. ते पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतं म्हणून एक बाजू उंच, धक्क्याला गाडी कडक, आणि काही महिन्यांत रबराला चिरा. शिवाय जसजसं रबर थकतं तसतशी गाडी बसत जाते आणि तिच्याबरोबर कॅम्बर-टो पण बदलत जातो. म्हणजे कॅम बोल्ट अजिबात हलला नाही तरी अलाइनमेंट हलणारच.

उपाय साधा आहे पण वेळ घेतो. मागच्या सगळ्या रबरी बुशांचे बोल्ट सोडायचे, काढायचे नाहीत, फक्त नळी मोकळी फिरेल इतके ढिले करायचे, आणि गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायचे. चार खांबांची लिफ्ट किंवा पिट असेल तर सरळ काम आहे, गाडी चढवा, मागे दोन-चारदा दाबून हलवा, आवळा. पिट नसेल तर आधी गाडी सपाट जमिनीवर असताना हबपासून कमानीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, मग गाडी जॅक स्टँडवर घ्या आणि दुसरा जॅक हबच्या खाली लावून चाकाची बाजू त्याच अंतराला येईपर्यंत उचला, मग आवळा. लिहून ठेवलेलं अंतर जर पिळलेल्या बुशांवर मोजलेलं असेल तर ते चुकीचं असणार, म्हणून आधी सगळे ढिले करून गाडी खाली सोडून दोन-तीन फूट पुढे-मागे ढकलून मग मोजायचं. आणि गाडीखाली जाताना जॅक स्टँड पाहिजेच, नुसत्या जॅकवर कोणीही खाली जाऊ नका, कितीही पाच मिनिटांचं काम असलं तरी.

माझ्या गाडीचे बोल्ट जसे ढिले केले तसा उजव्या ट्रेलिंग आर्मच्या बुशातून एक "टक" आवाज आला आणि आर्म स्वतःहून हलला. त्या एका आवाजात समजलं किती ताण होता. परत मोजलं तर डावं ३५१, उजवं ३५२. नवे आर्म पॉलीयुरेथेन बुशचे असतील तर त्या बुशात नळी फिरते, पिळत नाही, म्हणून त्यांना हा नियम तितका लागू नाही, पण बाकीच्या कंपनीच्या लिंका रबरीच आहेत ना, त्यांना आहेच. पॉलीला मात्र सिलिकॉन ग्रीस लागतं. साधं चाकाचं ग्रीस लावू नका. आणि रबराऐवजी गोल लोखंडी बॉलचे रोझ जॉइंट असलेले आर्म रोजच्या गाडीला घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्या धुळीत आणि पावसात ते लवकर खुळखुळायला लागतात.

आता आर्म स्वतः कसे सेट करायचे, यात मी सुरुवातीला मोठी गल्लत केली होती. अ‍ॅडजस्टेबल आर्म पण आहे आणि कंपनीचा कॅम बोल्ट पण आहे, म्हणजे कॅम्बर दोन ठिकाणी बदलता येतो. गॅरेजवाल्याने उजवीकडे कॅमने सेट केला होता आणि डावीकडे आर्मच्या लांबीने. कॅम्बर सारखा दिसत होता पण दोन्ही बाजूंच्या आर्मची लांबी वेगळी, त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन्ही बाजूंचा कॅम्बर वेगवेगळा बदलणार. म्हणून वरच्या आर्मचे दोन्ही कॅम बोल्ट बरोबर मध्यावर आणा, रेघ मारा, आवळा, आणि विसरून जा. कॅम्बर फक्त आर्मने बदलायचा. आर्म काढून टेबलावर ठेवून बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा, दोन्ही सारखे करून मगच लावा. बहुतेक आर्मच्या मधल्या नळीला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत-बाहेर होतात. माझ्या आर्मला दीड मिमी पिचचे आटे आहेत, म्हणजे एक पूर्ण फेरा म्हणजे ३ मिमी, आणि षटकोनाची एक बाजू फिरवली की अर्धा मिमी. माझ्या गाडीवर त्या अर्ध्या मिमीने कॅम्बर सात-आठ मिनिटं बदलतो. त्यामुळे अंदाजाने दोन फेरे मारायचं हे काम नाही, एकेक बाजू मोजत फिरवायचं. डाव्या आट्यांचा चेक नट उलटा आवळतो हेही डोक्यात ठेवा, मी एका आर्मवर तो "आवळतोय" समजून सैल केलेला पाहिलाय आणि तसा आर्म धावताना हळूहळू फिरत राहतो.

क्रम महत्त्वाचा. आधी उंची नक्की, मग मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचं. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून उलट क्रमाने केलं तर दोनदा काम. मशीनवर चढवण्याआधी टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी तरी भरलेली, डिकीतला पसारा बाहेर. ड्रायव्हर सीटवर वजन ठेवायचं की नाही यावर मतं आहेत, कंपनीचे आकडे ड्रायव्हरशिवायचे असतात, पण माझी गाडी बहुतेक वेळा मी एकटाच चालवतो म्हणून मी सीटवर पंचवीस किलोच्या तीन तांदळाच्या गोण्या ठेवल्या. अलाइनमेंटवाल्या पोराने पण गोण्या उतरवायला मदत केली आणि पुढच्या वेळी स्वतःहून विचारलं "साहेब वजन आणलंय का?" बरं वाटलं. सगळं झालं की स्टिअरिंग अँगल सेन्सरचं बेसिक सेटिंग स्कॅनरने करून घ्या, नाहीतर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) वळणावर उगाच ब्रेक ओढतं, आणि त्याचाही दोष मग आर्मला जातो.

प्रत्येक वेळी मशीनवर जायची गरज नाही. टो हललाय का एवढंच बघायचं तर घरी गवंड्याची नायलॉन दोरी पुरते. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर पुढून मागपर्यंत दोरी ताणा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं आडवं अंतर सारखं नसतं, म्हणून दोरी टायरला टेकवू नका, दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून समान आणि मागच्या हबपासून समान अंतरावर आणा, तेवढं जमलं की दोऱ्या गाडीला समांतर झाल्या. मग स्टीलच्या पट्टीने रिमची पुढची कड ते दोरी आणि मागची कड ते दोरी मोजा. १७ इंची रिमच्या कडेचा व्यास साधारण ४६० मिमी धरला तर १० मिनिटं टो म्हणजे दोन मापांत फक्त १.३ मिमीचा फरक. पट्टीवर अर्धा मिमी नीट वाचता येतो, म्हणजे चारेक मिनिटांपर्यंत अंदाज येतो. सेट करायला हे पुरेसं नाही, पण उणे १० सारखी भानगड लगेच पकडली जाते. मोजण्याआधी गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलून घ्या, जॅकवरून नुकतीच उतरवलेल्या गाडीचे टायर आत दबलेले असतात आणि माप खोटं येतं.

राहिला स्पीडब्रेकरवरचा "टक-टक" आवाज. मी त्यालाही आर्मच समजत होतो. एका बाजूची अँटीरोल बारची लिंक रॉड सोडून ती बांधून ठेवली आणि सोसायटीतल्या ब्रेकरवरून हळू नेली तर आवाज बंद. म्हणजे बारचा. बारचे बुश कोरडे होते आणि क्लॅम्पचा एक बोल्ट पुरता बसला नव्हता. बुश साफ करून सिलिकॉन ग्रीस, क्लॅम्प टॉर्कने, संपलं. ही टेस्ट दहा मिनिटांची आहे, आर्म मागवण्याआधी करा. टेस्ट झाली की लिंक परत लावूनच रस्त्यावर जा.

आताचे आकडे, मागचा कॅम्बर डावीकडे उणे १ डिग्री ४५, उजवीकडे उणे १ डिग्री ४३. टो डावं अधिक ८ मिनिटं, उजवं अधिक ७. मी घाटात मजा यावी म्हणून टो शून्याला आणू शकलो असतो, पण फॅक्टरीने मागे थोडा टो-इन (चाकं किंचित आत वळलेली) उगाच दिलेला नाही, ब्रेक मारताना मागची बाजू शांत राहते ती त्याच्यामुळे, आणि गाडीत मागच्या सीटवर आई-बाबा बसतात.

यानंतर ५०० किलोमीटरला सगळ्या रेघा बघितल्या, एका आर्मचा चेक नट किंचित फिरला होता, तो परत आवळला आणि नवी रेघ मारली. मग २,००० ला, मग ५,००० ला. परवा ६,४०० ला चाकं काढली, उजव्या खालच्या कॅमची पिवळी रेघ चिखलाखाली होती, फडक्याने पुसली, सलग होती. टायरवर दोन्ही बाजूंनी हात फिरवला, कुठे लागलं नाही.